गोरक्षण रोडवरची चायनीजची गाडी

सकाळी ६. अकोल्याच्या जनता भाजी बाजारात गाडीवाला दादा पत्ताकोबीचे गड्डे एकेक दाबून पाहतो. "घट्ट दे गा भाऊ, पोकळ नोको." सोबत सिमला मिरची, कांद्याची पात, लसूण, सांभार. अर्ध्या तासात पोतं भरतं.

सकाळी ९. घरी वहिनी कोबी किसून मीठ लावतात आणि फडक्यात घालून पिळतात. पाणी राहिलं तर मंचुरियनचा गोळा तेलात फुटतो, म्हणून दुसऱ्यांदा पिळतात. मग मैदा, कॉर्नफ्लोअर, आलं-लसूण. हा पदार्थ चीनमधून आलेला नाही. १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी तो पहिल्यांदा केला, असं सांगतात. वांग कलकत्त्यात चिनी आईबापांच्या पोटी जन्मले. आपल्याकडचं आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला. त्यात मुळात कोंबडीचं मांस होतं, गाडीवर कोबी आला.

दुपारी १२. भात थोडा कच्चा असतानाच उतरवून चादरीवर पसरतात. गरम भात कढईत टाकला की गिचका होतो. दादा हे मुंबईत एका हॉटेलात भांडी घासताना शिकला. त्याचा वस्ताद नेपाळी, आणि तो वस्ताद कलकत्त्यात एका म्हाताऱ्या चिनी आचाऱ्याच्या हाताखाली तयार झालेला. तो चिनी आचारी कलकत्त्यात कसा आला, हे दादाला ठाऊक नाही. पण मला वाटतं, ते वऱ्हाडात सांगायलाच हवं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस टोंग अछू नावाच्या चिनी माणसाने वॉरन हेस्टिंग्जकडून हुगळीकाठी जमीन मिळवून साखरेचा कारखाना घातला. तिथल्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. पुढे कलकत्त्याच्या गोदीत कँटनकडचे सुतार आले, हाक्का लोकांनी चामडं कमावलं, जोडे शिवले, हुपेकडच्यांनी दातांचे दवाखाने थाटले. मुंबईत माझगावच्या गोदीजवळ खलाशांची वस्ती झाली. तिथलं क्वान कुंगचं मंदिर १९१९चं, आजही चिनी नववर्षाला तिथे उदबत्त्या लागतात. आणि या समुद्रवाटेवर आपणही होतो. १८६७मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत गेली, वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला जाऊ लागला आणि मुंबईच्या गिरण्यांचं जाडंभरडं सूत जहाजांनी चीनला जाई. आपल्या आजे-पणज्यांची पऱ्हाटी आणि त्या खलाशांची मजुरी एकाच व्यापारावर चालत होती.

दुपारी ४. लाल मिरच्या भिजवून वाटल्या, शेजवान चटणी शिजली. ठसक्याने शेजारीण दार लावून घेते.

पुढे १९६२मध्ये भारत-चीन युद्ध पेटल्यावर याच चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना, त्यात लेकरंबाळंही, राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेऊन डांबलं. बहुतेक आसाम-बंगालचे, कित्येक इथेच जन्मलेले. काही जण वर्षानुवर्षं आत राहिले. सुटल्यावर घर-दुकान राहिलं नव्हतं, पुष्कळ जण देश सोडून गेले. मुंबईतल्या चिन्यांच्या मागेही पोलिसांत हजेरीचा ससेमिरा लागला. कुठल्याही गुन्ह्याविना माणसांची ही धूळदाण झाली, हा आपल्या प्रजासत्ताकाला लागलेला डाग आहे, आणि शाळेच्या पुस्तकात मी त्याबद्दल एक ओळही वाचली नव्हती.

संध्याकाळी ६. गाडी लागली. भट्टीचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू येतो. कढईतून धूर निघेपर्यंत दादा तेल घालत नाही. मग लसूण, कोबी, भात, आणि मनगटाचा एक झटका: भात हवेत उलटून परत कढईत. ट्यूशन सुटलेली पोरं गाडीभोवती उभी. "काका, हाफ मंचुरियन, तिखट करजा!" नऊपर्यंत मान वर करायला सवड नाही.

रात्री १०. गर्दी ओसरली. हाताखालचा पोरगा दोन महिन्यांपासून नुसता कोबी चिरतो आहे. दादा झारा त्याच्याकडे देतो.

"घे. फुल राइस कर."

पोरगा आच कमी करायला वाकतो.

"कमी नोको करू बे. मोठ्या आचेवरच शिकजो."

पहिल्या झटक्याला मूठभर भात रस्त्यावर सांडतो. दादा कढईत पुन्हा भात घालतो.