शंभरातला एक पॉइंट

टेनिसचा सामना संपला की प्रेक्षकांचा सामना सुरू होतो. १८ सप्टेंबर २०२२ला चेन्नईच्या नुंगमबक्कम स्टेडियमवर चेन्नई ओपनचा अंतिम सामना झाला. महिला टेनिसच्या डब्ल्यूटीए टूरची स्पर्धा भारतात येत होती ती तब्बल चौदा वर्षांनी. चेक प्रजासत्ताकाची सतरा वर्षांची लिंडा फ्रुहविर्तोवा पहिला सेट हरली आणि तरी पोलंडच्या माग्दा लिनेटला ४-६, ६-३, ६-४ असं हरवून गेली. तिच्या आयुष्यातलं हे या दर्जाचं पहिलंच विजेतेपद.

चेन्नईपासून तंजावर साडेतीनशे किलोमीटर. तंजावरात मराठी राज्य उभं करणाऱ्या एकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत, आणि घरात स्वतःच्या वळणाची मराठी बोलतात. अशाच एका घरी या सामन्यावरून आत्या आणि भाच्याची जुंपली होती. आत्याबाईंचा निकाल असा, की लिनेटचा फॉर्म संपला, तिशी गाठली, आता काही खरं नाही. भाचा म्हणे, पोरगी काय फॉर्मात आहे बघा, वर्षभरात पहिल्या दहांत दिसेल.

पुढे झालं ते असं. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२३मध्ये, तीच ‘संपलेली’ लिनेट ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली. त्याआधी कुठल्याही ग्रँड स्लॅममध्ये एकेरीत ती तिसऱ्या फेरीपलीकडे गेलेली नव्हती. फ्रुहविर्तोवा त्याच स्पर्धेत चौथ्या फेरीपर्यंत गेली, त्या वर्षी क्रमवारीत ४९पर्यंत चढली, आणि मग घसरत शंभराच्याही बाहेर गेली. आत्याही चुकल्या, भाचाही चुकला.

आणि यात दोघांचा फारसा दोष नाही. दोष टेनिसच्या गुण मोजण्याच्या पद्धतीचा आहे. ती पद्धत एक अजब भिंग आहे.

समजा दोन खेळाडू आहेत आणि त्यांच्यातली एक दर शंभर पॉइंटमागे ५५ जिंकते, दुसरी ४५. (सर्व्हिस कुणाची हा भेद सोयीसाठी बाजूला ठेवू.) फरक दहाचाच. पण पॉइंटचे गेम होतात, गेमचे सेट, सेटचा सामना. प्रत्येक पायरीवर हरणारीचे जिंकलेले पॉइंट पुसले जातात आणि पाटी कोरी होते. गणित मांडलं तर ५५ पॉइंटवाली गेम जिंकते शंभरात ६२ वेळा, सेट ८१ वेळा आणि तीन सेटचा सामना ९१ वेळा! म्हणजे बघणाऱ्याला एकतर्फी वाटणाऱ्या लढतीत मुळात दर वीस पॉइंटमागे फक्त दोनाचा फरक असतो.

आता हेच भिंग थोडं मागे घ्या. ५५च्या जागी ५१ धरा. गेम साडेबावन्न टक्के, सेट ५७, सामना जेमतेम ६०. अधिक चांगली खेळाडू, ठणठणीत तब्येतीत, नेहमीसारखीच खेळून, दहातले चार सामने हरणार. त्या चारही वेळा आपण सोफ्यावर बसून म्हणणार, “आज हिचा फॉर्मच नाही.” दीडशे पॉइंटच्या सामन्यात नुसत्या योगायोगाने चार टक्के इकडचे तिकडे सहज होतात. ५१ टक्क्यांची खेळाडू एखाद्या दिवशी ५५ची दिसते, एखाद्या दिवशी ४७ची. आदल्या आठवड्यात रणरागिणी आणि या आठवड्यात मातीची, हे दोन्ही चेहरे एकाच खेळाडूचे, एकाच ताकदीचे असू शकतात.

तंजावरला राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत राजा-राणीची रंगीत बाहुली मिळते. भौगोलिक मानांकन मिळालेली ही बाहुली. नवरात्रातल्या गोलूच्या पायऱ्यांवर ती मांडतात. बोटाने ढकलली की आडवी होते, डुलते आणि पुन्हा ताठ उभी राहते. युक्ती तळात आहे. तळ गोल आणि जड, वरचं अंग हलकं. त्यामुळे बाहुलीचा गुरुत्वमध्य तळाच्या गोलाईच्या केंद्राखाली राहतो. कितीही कलली तरी ते वजन तिला ओढून जागेवर आणतं. खेळाडूची खरी ताकद म्हणजे ते तळातलं वजन, आणि आपण ज्याला फॉर्म म्हणतो तो बहुतेक वेळा त्या दिवशीचा कल. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८६मध्ये आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीचे आकडे तपासताना हेच पाहिलं होतं: टोकाच्या मोजणीनंतरची मोजणी बहुधा सरासरीकडे सरकलेली असते. विजेतेपदानंतरचा ‘घसरलेला’ फॉर्म आणि लागोपाठ पराभवांनंतरचा ‘परतलेला’ फॉर्म, दोन्हींत याचा मोठा वाटा असतो.

मग फॉर्म हा निव्वळ भास? इथे गोष्ट आणखी रंगते.

१९८५मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या तीन अभ्यासकांनी बास्केटबॉलचे नेम मोजून सांगितलं, की ‘हात बसला आहे’ ही प्रेक्षकांची समजूत खोटी आहे. लागोपाठ नेम लागल्यावर पुढचा लागण्याची शक्यता वाढत नाही. पुढची तीसेक वर्षं शहाण्या लोकांनी हे वाक्य तोंडावर फेकून कितीतरी गप्पा बंद पाडल्या. २०१८मध्ये मिलर आणि सानहुर्हो या अभ्यासकांनी त्या मोजणीतच एक खोच दाखवली. ती घरबसल्या करून बघता येते. नाणं तीनदा उडवा. छाप-काट्याचे एकूण आठ क्रम होतात. प्रत्येक क्रमात बघा, छापानंतर लगेच आलेल्या उड्यांपैकी किती टक्के छाप? दोन क्रमांत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्यांत पहिल्या दोन उड्यांत छापच नाही. उरलेल्या सहांपैकी तिघांत उत्तर शून्य, एकात अर्धं, दोनांत पूर्ण एक. सहांची सरासरी काढा. येते ५/१२, म्हणजे सुमारे ४२ टक्के. नाणं अगदी सच्चं, तरी उत्तर पन्नास येत नाही! मी कागदावर आठही क्रम लिहून पाहिल्याशिवाय यावर विश्वास ठेवला नव्हता. तुम्हीही ठेवू नका. एरवी निम्मे नेम लावणाऱ्या ज्या खेळाडूचा आकडा अशा मोजणीत पन्नास येतो, त्याचा हात खरं तर थोडा बसलेलाच असतो.

टेनिसपुरतं बोलायचं तर क्लासेन आणि माग्नुस या दोन डच अभ्यासकांनी १९९२ ते १९९५ या चार वर्षांतल्या विंबल्डनचे जवळजवळ ९०,००० पॉइंट तपासले. आधीचा पॉइंट जिंकलेल्या खेळाडूला पुढचा जिंकण्याची संधी किंचित जास्त असते, आणि मोक्याच्या पॉइंटला सर्व्हिस करणारीला जिंकणं किंचित अवघड जातं, असं त्यांना आढळलं. लय असते, दडपणही असतं. पण दोन्ही ‘किंचित’. खेळाडू जितकी तगडी तितकं ते आणखी कमी. आत्याबाईंना दिसलं ते अगदीच खोटं नव्हतं, फक्त भिंगाने ते दसपट मोठं केलं होतं.

तळातलं वजनच हललं तर काय होतं, तेही अलीकडेच साऱ्या जगाने पाहिलं. त्याची सुरुवात आपल्या मुंबईत आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर मुंबई ओपन जिंकली ती एकोणीस वर्षांच्या आरिना सबालेंकाने. जानेवारी २०२२पर्यंत ती जगात दुसऱ्या क्रमांकावर पोचली होती, आणि अॅडलेडला तिची सर्व्हिस हरवली. एका सामन्यात १८ डबल फॉल्ट, पुढच्यात २१. शेवटी डोळ्यांत पाणी आणून तिने हात खाली घेऊन, मुलं करतात तशी सर्व्हिस केली. त्या मोसमात तिचे ४२८ डबल फॉल्ट झाले. लोक म्हणाले, दडपण, मानसिक कमजोरी. पण दोष हालचालीत होता. गेव्हिन मॅकमिलन या शरीरयांत्रिकीच्या जाणकाराने तिची सर्व्हिस जवळजवळ नव्याने बांधली. पुढच्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत तिने हरवलं ते चेन्नईत हरलेल्या त्या लिनेटलाच, आणि अंतिम फेरीत रिबाकिनाला ४-६, ६-३, ६-४ असं हरवून स्पर्धा जिंकली. पहिल्या मॅच पॉइंटला तिने काय केलं? डबल फॉल्ट. सुधारलेल्या खेळाडूच्याही हातून तो होतोच. तेवढ्यावरून जुना आजार उलटला म्हणणारे त्या रात्री नक्की असतील.

असा बदल निकालांच्या यादीत उशिरा दिसतो, सर्व्हिसच्या आकड्यांत आधी.

सध्या तमिळनाडूत वाद घालायला घरचंच नाव आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये त्याच मुंबई ओपनमध्ये कोइंबतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन रेवती पात्रता फेरीतून येऊन थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि तिथे, एकेकाळी जगात एकविसावी असलेल्या यील टाइखमानकडून ३-६, १-६ अशी हरली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक विजयावर ‘पुढची सानिया’ आणि प्रत्येक पराभवावर ‘हवा गेली’ असं म्हणणारे तयारच बसले आहेत. तिच्याबद्दल मत बनवायचं असेल तर एका स्पर्धेच्या स्कोअरवर जाऊ नका. तिने दुसऱ्या सर्व्हिसवर शंभरातले किती पॉइंट जिंकले ते पाहा, डबल फॉल्ट मोजा, आणि तेही वीसेक सामन्यांचे एकत्र. तो आकडा हलला तर खुशाल भांडा, अगदी आत्याशीसुद्धा.