जिन्याखालचा टीसी

16 ऑक्टोबर 2023, सोमवार. त्या दिवशी मध्य रेल्वेने कल्याण स्थानकात 167 तिकीट तपासनीस (टीसी) आणि रेल्वे सुरक्षा दलाचे 35 जवान उतरवले. दिवस मावळेपर्यंत 4,438 प्रकरणं नोंदली गेली आणि 16 लाख 85 हजार रुपये वसूल झाले. दुसऱ्या दिवशी बातम्यांमधून 'फुकटे प्रवासी' हा नेहमीचा शब्द फिरला आणि विषय तिथेच संपला.

या आकड्यांचा साधा भागाकार केला तर प्रत्येक प्रकरणामागे सुमारे 380 रुपये येतात आणि प्रत्येक तपासनिसाच्या वाट्याला साधारण सत्तावीस माणसं. एका स्थानकावर, एका दिवसासाठी, दीडशेहून जास्त माणसं लावल्यावरचा हा हिशोब आहे. ठाणे, डोंबिवली, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाकुर्ली, कोपर या स्थानकांवर रोज इतकी माणसं आणायची कुठून? म्हणून एरवी दोन-तीन टीसी जिन्याखाली उभे असतात आणि लाखोंची गर्दी त्यांच्या अंगावरून जाते. लोकलची तिकीट व्यवस्था खरी तिथे, त्या जिन्याखाली समजते.

मेट्रोला दरवाजे आहेत. तिकीट टेकवल्याशिवाय ते उघडत नाहीत. बसला आणि एके काळी मुंबईच्या ट्रामला (ती 31 मार्च 1964 रोजी बंद झाली) कंडक्टर होता. लोकलला यातलं काहीच नाही. माणूस आपलं आपण तिकीट काढतो, गाडीत चढतो, उतरतो, घरी जातो. कुणी मागितलं तरच तिकीट दाखवायचं. युरोपातल्या शहरांनी ट्रामवर ही पद्धत साठच्या दशकापासून ठरवून आणली. टोरांटोने डिसेंबर 2015 पासून आपल्या सगळ्या ट्राममार्गांवर ती लागू केली. कुठल्याही दारातून चढा, तिकीट जवळ ठेवा, तपासनीस आला तर दाखवा. थांब्यावर गाडीचा वेळ वाचावा हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे हा निर्णय कुणी बसून घेतलेला नाही. पुठ्ठ्याची तिकिटं होती तेव्हा बाहेर पडताना ती फाटकावरच्या टीसीच्या हातात द्यायची रीत होती. गर्दी वाढत गेली, पूल वाढले, पूर्वेला आणि पश्चिमेला वाटा फुटल्या, आणि फाटकावरचा माणूस नाइलाजाने जिन्याखाली सरकला.

16 एप्रिल 1853 ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. त्या मार्गावर आज यंत्राचे दरवाजे बसवायचे म्हटले तर पहिला प्रश्न तिकिटाचा नाही, जिवाचा आहे. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. तिथे कुणी तिकीट तपासत नव्हतं. पाऊस आला, माणसं जिन्यात अडकली, एवढंच झालं. संध्याकाळी सात वाजता डोंबिवलीत जलद गाडी रिकामी होते तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत माणसाला माणूस लागलेला असतो. त्या प्रवाहात एकेकाला थांबवणारा अडसर घालणं मला धोक्याचं वाटतं. दरवाजे लावा म्हणजे फुकटेपणा संपेल असं सांगणाऱ्याने आधी ती एक गाडी रिकामी होताना बघावी.

गाडीच्या आत तपासणी करावी तर तेही जमत नाही. सकाळी दिव्यापासून पुढे दुसऱ्या वर्गाच्या डब्यात टीसी शिरूच शकत नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मेले, त्या मार्गाबद्दल बोलतोय आपण. त्यामुळे तपासणी होते ती पहिल्या वर्गात, एसी लोकलमध्ये, दुपारच्या रिकाम्या गाड्यांमध्ये आणि जिन्याखाली. मध्य रेल्वेची पहिली एसी लोकल जानेवारी 2020 मध्ये ठाणे-पनवेल मार्गावर धावली. मुख्य मार्गावर ती त्याच डिसेंबरात आली. 2022 च्या मे महिन्यात एसीचं आणि पहिल्या वर्गाचं एकेरी भाडं साधारण निम्म्यावर आलं, गर्दी वाढली आणि पासवाल्यांच्या तक्रारीही वाढल्या, की आम्ही महिन्याला एवढे पैसे भरतो आणि दुसऱ्या वर्गाचा पास घेतलेली माणसं आत बसतात. तक्रार रास्त आहे. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळव्याला साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या म्हणून लोक रुळांवर उतरले होते, हेही विसरून चालणार नाही. आपली नेहमीची गाडी काढून घेतली आणि वर तिच्या जागी आलेल्या गाडीत चढलो तर दंड, असं ज्याला वाटलं त्याचा राग नुसत्या कायद्याच्या कलमाने शमत नाही.

आता कायदा. रेल्वे अधिनियम 1989 मध्ये विनातिकीट प्रवासासाठी दोन वेगळी कलमं आहेत आणि जिन्याखाली उभं राहणाऱ्या प्रत्येकाला तो फरक माहीत असायला हवा. कलम 137 फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासाचं आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 138 मध्ये हेतूचा प्रश्नच नाही. तिकीट नसेल, चुकीचं असेल, हद्दीपलीकडे गेला असाल किंवा वरच्या वर्गात बसला असाल, तर भाडं आणि त्यावर जादा आकार. हा आकार भाड्याइतका किंवा 250 रुपये, यातला जो जास्त तो. लोकलमध्ये भाडं इतकं कमी की 250 च लागतात. 1 जुलै 2004 पूर्वी हे 50 रुपये होते. तेव्हापासून आकडा हललेला नाही.

कुठून चढलात याबद्दल शंका असेल तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं लागतं. कल्याणला उतरलेला माणूस 'मी ठाकुर्लीला चढलो' म्हणाला तरी ते सिद्ध करणं त्याच्यावर येतं. आणि पैसे भरले नाहीत तर प्रकरण रेल्वे दंडाधिकाऱ्यांसमोर जातं.

मात्र याच कायद्यात एक माणुसकीची जागा आहे आणि ती जवळपास कुणालाच ठाऊक नाही. कलम 55 म्हणतं की तिकीट नसताना अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन चढता येतं. अशी परवानगी मिळालेल्याला, भाडं नंतर भरण्याच्या अटीवर, दाखला मिळायला हवा. तो दाखला जवळ असेल तर कलम 138 चा जादा आकार लागत नाही, नुसतं भाडं लागतं. खिडकीवर लांब रांग आहे, यंत्र बंद आहे, मोबाइलची बॅटरी गेली आहे, अशा माणसासाठीच ही तरतूद आहे असं मला वाटतं. लोकलच्या फलाटावर असा दाखला देताना किंवा घेताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

दंड परवडतो का, हा हिशोब प्रत्येक नेहमीचा 'विदाउट', म्हणजे विनातिकीट प्रवासी, मनातल्या मनात करतोच. डोंबिवली-कल्याण पाच रुपये. पकडला गेला तर 255. म्हणजे साधारण पन्नास फेऱ्यांत एकदाच पकडला जात असेल तर त्याचं नुकसान नाही. पण पासवाल्याचं गणित निराळं आहे. लोकलचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्यावर बेतलेला आहे. जून 2014 मध्ये तो तीस प्रवासांवर नेण्याचा प्रस्ताव आला होता, मुंबईतून ओरड झाली आणि तो मागे घेतला गेला. ठाणे ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास दोनशे पंधराच्या आसपास येतो. एकदा पकडलं जाणं महिन्याच्या पासापेक्षा महाग. रोज कामावर जाणारा माणूस म्हणूनच पास काढतो, टीसीच्या भीतीने कमी आणि या हिशोबाने जास्त. माझ्या मते ही लोकल दंडावर उभी नाही, स्वस्त पासावर उभी आहे. पास महाग करा, मग कल्याणला 167 नव्हे, हजार तपासनीस लावले तरी पुरणार नाहीत.

मग जिन्याखाली अडकतं कोण? नेहमीच्या फुकट्याला टीसी कुठे उभे असतात हे पाठ असतं. पुढचा डबा, मागचा पूल, रुळांवरून पलीकडे उतरायची वाट, सगळं त्याला ठाऊक. सापडतो तो गावाहून आलेला, परीक्षेला निघालेला, दवाखान्यात जाणारा. सापडतात ते पास काल संपलेले, ओळखपत्र घरी विसरलेले. पासावर ओळखपत्राचा क्रमांक असतो आणि ते कार्ड जवळ नसेल तर पास असूनही नसल्यात जमा. आणि डोंबिवलीचा एक खास वर्ग सापडतो तो 'रिटर्न' येणारा. बसायला जागा मिळावी म्हणून डोंबिवली-ठाकुर्लीची माणसं सकाळी उलट्या दिशेने कल्याणला जातात आणि तिथून तीच गाडी पकडून मुंबईकडे येतात. त्यांचा पास डोंबिवलीपासूनचा असतो. कल्याणपर्यंतचा तुकडा त्यात नसतो. कायद्याच्या भाषेत हा हद्दीपलीकडचा प्रवास, कलम 138. पण अशी 'रिटर्न' येणारी एखादी बाई घ्या. तिने महिनाभराचे पैसे भरलेले असतात. तिला हवा असतो तासभराचा टेकू, कारण पुढे दिवसभर उभं राहून काम करायचं असतं.

रेल्वेचीही बाजू आहे. कल्याणला गाडीत जागा घेणाऱ्या कल्याणकराच्या दृष्टीने हा 'रिटर्न'वाला त्याची सीट घेतो, आणि टीसीला दोघांपैकी एकाचं ऐकावं लागतं. डब्यात आणि पुलावर तपासनिसांना मारहाण झाल्याच्या घटना दरवर्षी घडतात. एकटी महिला टीसी चार तरुणांना थांबवते तेव्हा तिच्या हातात पावतीचं यंत्र आणि कायद्याचं कलम याशिवाय काही नसतं. मध्य रेल्वेने मुंबई विभागातल्या तपासनिसांना अंगावर लावायचे कॅमेरे दिले, ते दोन्ही बाजूंसाठी बरंच झालं. आवाज चढला की आता त्याची नोंद होते.

2014 च्या डिसेंबरात मोबाइलवर तिकीट काढायचं यूटीएस ॲप आलं, पुढच्या वर्षी कागदाविना तिकीट मिळू लागलं. खिडकीवरची रांग हे सगळ्यात जुनं कारण त्याने बरंचसं संपवलं. पण टीसी दिसल्यावर खिशातला मोबाइल काढून तिकीट काढायची सोय होऊ नये म्हणून रुळांच्या अगदी जवळ तिकीट निघणार नाही अशी अट घालावी लागली. मित्राने पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही, तिकीट ॲपमध्येच उघडून दाखवावं लागतं. डोंबिवलीच्या पुलाखाली दुपारी उभं राहिलं तर हे जवळून दिसतं. मावशी पिशवी खाली ठेवतात, मोबाइल शोधतात, पडदा उजळत नाही, टीसी 'सावकाश काढा' म्हणतो, मागची माणसं बाजूने निघून जातात. त्या मिनिटभरात तिकीट नसलेले किती जण गेले असतील, ते त्याला माहीत असतं. त्याला तरीही मावशींचंच तिकीट बघावं लागतं, कारण त्या थांबल्या.

टाळेबंदीचा काळ तर वेगळाच धडा होता. 15 ऑगस्ट 2021 पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना मासिक पास मिळू लागला, पण एकेरी तिकीट काही आठवडे मिळतच नव्हतं. ज्याला एक दिवस ठाण्याला जायचं होतं त्याने महिन्याचा पास काढावा किंवा विनातिकीट जावं. या दोन पर्यायांत अनेकांनी दुसरा घेतला. त्या काळात पकडलेल्या माणसाला फुकट्या म्हणणं अन्यायाचं होतं, असं मी आजही म्हणेन.

दंड चुकीच्या माणसावर पडतो, हा अनुभव मेलबर्ननेही घेतला. तिथे 2014 मध्ये ट्राममध्ये जागच्या जागी 75 डॉलर भरून मोकळं व्हायची सोय आणली गेली. ती भरली की दाद मागायचा हक्क जायचा. गरीब आणि अनभिज्ञ माणूस भीतीने भरून टाकी. लोकपालाने त्यावर टीका केली आणि 1 जानेवारी 2017 पासून ती पद्धत बंद झाली. स्टॉकहोममध्ये तर 2001 पासून फुकट्यांचा स्वतःचा निधीच आहे. सभासद दरमहा वर्गणी भरतात आणि दंड झाला की निधी तो चुकवतो. नुसत्या दंडाच्या आकड्याने माणसं वळत नाहीत हे तिथेही दिसतं.

2025 मध्ये मध्य रेल्वेने 'लकी यात्री' नावाची योजना आणली. टीसीने रोज एका प्रवाशाला निवडायचं, त्याच्याकडे वैध तिकीट किंवा पास असेल तर त्याला दहा हजार रुपये. आठवड्याला एक पन्नास हजारांचं मोठं बक्षीस.  टीसीने थांबवणं म्हणजे दंडच असं नाही, हा विचार मला त्यात आवडला. पण माझी मागणी त्याहून साधी आहे. डोंबिवली, ठाकुर्लीच्या पासधारकांना थोडी जास्त रक्कम घेऊन कल्याणपर्यंतचा तुकडा पासातच जोडून द्यावा. पास संपून दोन दिवस झालेल्याला पहिल्या वेळी भाडं घेऊन जाऊ द्यावं. कलम 55 चा दाखला ॲपमध्ये एका बटणावर ठेवावा. आणि जे टीसी कल्याणसारख्या मोठ्या मोहिमेसाठी एकत्र आणले जातात ते आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी, ठाण्याच्या सॅटिस पुलाकडे, कल्याणच्या स्कायवॉककडे, दिव्याच्या पूर्वेला पाठवावेत. पन्नासात एकदाची शक्यता पंधरात एकदा झाली, तर पाच रुपये वाचवायला कोण जाईल?