मोटारगाडीतील डॅशबोर्डचे दिवे

मोटारगाडीच्या चालकासमोरील उपकरण फलक (डॅशबोर्ड) रात्री वाचता यावा म्हणून त्यात बसवलेल्या लहान दिव्यांना डॅशबोर्डचे दिवे असे म्हणतात. कारागिरांच्या बोलीत संपूर्ण उपकरण फलकाला 'मीटर' व या दिव्यांना 'मीटर लाइट' असे संबोधले जाते. हिंदुस्तान अँबेसडर, प्रीमियर पद्मिनी, मारुती ८०० यांसारख्या जुन्या गाड्यांत हे दिवे तारेच्या (फिलॅमेंटच्या) बल्बचे असून त्यांत वयोमानानुसार बिघाड उद्भवतात. हे बिघाड वरकरणी किरकोळ वाटले, तरी अनेक गाड्यांत हे दिवे आणि मागील लाल दिवे एकाच फ्यूजवर चालत असल्याने अंधारा डॅशबोर्ड ही गंभीर दोषाची पहिली खूण ठरू शकते.

प्रकार

डॅशबोर्डवरील दिव्यांचे कार्यानुसार दोन गट पडतात.

• प्रकाशक दिवे : वेगमापक, इंधनमापक व तापमापक यांच्या तबकड्या उजळण्यासाठी असतात. पार्किंग दिव्यांचा स्विच चालू करताच ते लागतात.
• सूचक दिवे : तेलाचा दाब, बॅटरीचे भारण, हेडलॅम्पचा वरचा झोत, वळणदर्शक इत्यादींची स्थिती दाखवतात. प्रत्येक सूचक दिव्याचा परिपथ स्वतंत्र असतो.

दोषाचा शोध घेताना हा भेद महत्त्वाचा असतो. सर्व प्रकाशक दिवे बंद पडले, परंतु सूचक दिवे चालू असले, तर दोष पार्किंग दिव्यांच्या परिपथात असण्याची शक्यता अधिक असते.

रचना व कार्य

बहुतेक जुन्या गाड्यांची विद्युत यंत्रणा १२ व्होल्टची असते. बॅटरीतून निघालेला विद्युतप्रवाह फ्यूज, दिव्यांचा स्विच, काही गाड्यांत प्रकाश कमी-अधिक करणारा रिओस्टॅट आणि बल्ब या मार्गाने जाऊन गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. परतीच्या या जोडणीला 'अर्थिंग' म्हणतात. उपकरण फलकाचा मागील भाग प्लॅस्टिकचा असल्यास अर्थिंगसाठी वेगळी तार दिलेली असते.

बल्ब साधारणतः १.२ ते ५ वॉटचे असतात. ३ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ०.२५ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे असे चार बल्ब मिळून १ अँपिअर. तारेच्या बल्बचा प्रकाश विद्युतदाबाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून पुष्कळ वेगाने बदलतो. दाब १० टक्के घटल्यास प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. त्यामुळे चारही बल्बच्या सामाईक अर्थिंगमध्ये गंजामुळे अवघा १ ओहम रोध निर्माण झाला, तरी डॅशबोर्डचा प्रकाश सुमारे एक चतुर्थांशाने मंदावतो. जुन्या गाडीत 'दिवे लागतात, पण काही दिसत नाही' अशी तक्रार असते, तिचे कारण बहुधा अशाच एखाद्या जोडणीत असते.

बिघाडाची कारणे

बल्बची तार तुटणे हे सर्वांत सामान्य कारण होय. त्याखेरीज फ्यूज वितळणे, फ्यूजची टोके किंवा बल्बचे होल्डर गंजणे, रिओस्टॅटची तार झिजणे, स्विचमधील संपर्कबिंदू जळणे, अर्थिंग सैल होणे आणि उंदरांनी वायरिंग कुरतडणे ही कारणे आढळतात.

नागपूरसारख्या ठिकाणी हवामानाचाही वाटा मोठा असतो. नागपुरात मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत, विशेषतः काचेलगतच्या डॅशबोर्डवर, ते याहूनही बरेच अधिक असते. दरवर्षीच्या अशा उष्णतेने तारांवरील आवरण कडक होऊन तडकते, होल्डरचे प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि फलकामागील लवचिक मुद्रित परिपथाची तांब्याची पट्टी सुटू लागते. पुढे पावसाळ्यातील दमट हवा या तडांतून शिरून जोडण्या गंजवते. उन्हाळ्यात कमकुवत झालेली जोडणी म्हणूनच पुष्कळदा पावसाळ्यात बंद पडते.

दोषनिदान

तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करावी, म्हणजे फलक विनाकारण उघडावा लागत नाही.

१. मागील दिवे पाहणे : पार्किंग दिवे लावून गाडीच्या मागे जाऊन पाहावे. डॅशबोर्ड व मागील दिवे दोन्ही बंद असल्यास दोष फ्यूज, स्विच किंवा त्यांच्यामधील तारेत असतो. मागील दिवे चालू असल्यास दोष त्यापुढे, म्हणजे डॅशबोर्डकडे जाणाऱ्या शाखेत असतो.

२. फ्यूज : फ्यूजची तार शाबूत दिसली तरी टोके गंजलेली असू शकतात. फ्यूज काढून टोके व पकड स्वच्छ करावी. नवा फ्यूज मूळ क्षमतेचाच असावा. तो पुन्हा वितळल्यास कोठेतरी तार सांगाड्याला टेकत आहे असे समजावे.

३. रिओस्टॅट : नियंत्रक असल्यास तो दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा फिरवावा. फिरवताना दिवे लुकलुकल्यास दोष त्यातच आहे. अनेकदा तो केवळ नकळत पूर्ण मंद केलेला असतो.

४. बल्ब : एकच भाग अंधारा असल्यास तेथील बल्ब तपासावा. सर्व बल्ब एकाच वेळी जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

५. अर्थिंग : वळणदर्शक लावल्यावर इतर दिवे मंदपणे लुकलुकत असतील किंवा दिवे लावताच इंधनमापकाचा काटा हलत असेल, तर सामाईक अर्थिंग तुटलेले असते. प्रवाह अशा वेळी अन्य बल्बांतून परतीची वाट शोधतो. अर्थिंगच्या टोकापासून सांगाड्याच्या स्वच्छ धातूपर्यंत तात्पुरती तार जोडताच दिवे उजळल्यास निदान निश्चित होते.

६. दाब मोजणे : वरील उपायांनी दोष न सापडल्यास टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटरने फ्यूज, स्विच व होल्डर येथील दाब क्रमाने पाहावा. ज्या दोन बिंदूंमध्ये दाब नाहीसा होतो, दोष त्यांच्या दरम्यान असतो.

दुरुस्ती

फलक काढण्यापूर्वी बॅटरीचे सांगाड्याला जोडलेले अग्र प्रथम सोडवावे. दुसरे अग्र आधी सोडवल्यास पाना सांगाड्याला टेकून ठिणगी पडू शकते. जुन्या गाड्यांत वेगमापक यांत्रिक केबलवर चालत असल्याने फलक पुढे ओढण्याआधी ती केबल सोडवावी लागते. गंजलेले संपर्क बारीक पॉलिश कागदाने घासावेत. सुटलेली तांब्याची पट्टी जाड तारेने डाख देऊन जोडता येते.

अधिक उजेडासाठी मूळ क्षमतेहून मोठा बल्ब बसवणे धोक्याचे असते. त्याच्या उष्णतेने होल्डर व रंगीत आवरण वितळते. एलईडी बल्ब कमी तापतात. परंतु ते उलटे बसवल्यास बहुधा लागत नाहीत आणि जुन्या रिओस्टॅटने नीट मंद होत नाहीत.

भारणसूचक दिव्याबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. अल्टरनेटर असलेल्या अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला प्रारंभिक प्रवाह याच बल्बमधून मिळतो. बल्ब गेला, किंवा त्याजागी अत्यल्प प्रवाह घेणारा एलईडी बसवला, तर कमी वेगात बॅटरीचे भारण सुरूच होत नाही. डायनामो असलेल्या गाड्यांत असे घडत नाही.

सुरक्षितता व कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत वाहनाचे विहित दिवे लावणे बंधनकारक आहे. खासगी मोटारगाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. नूतनीकरणाच्या वेळी होणाऱ्या तपासणीत दिव्यांचाही समावेश असतो.

नागपूर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ व ५३ एकत्र येतात. महामार्ग ४४ वरील मनसर–खवासा हा टप्पा पेंचच्या जंगलातून जातो. वस्तीबाहेरील अशा रस्त्यावर मागील दिवे बंद असलेली गाडी मागून येणाऱ्या चालकाला त्याच्या स्वतःच्या हेडलॅम्पच्या प्रकाशातच दिसते. हेडलॅम्पचा खालचा झोत सुमारे ५० मीटर पोहोचतो असे धरल्यास, ताशी ८० किमी वेगाने येणाऱ्या चालकाला पुढे थांबलेली गाडी दिसल्यापासून जेमतेम सव्वादोन सेकंद मिळतात. मागील दिवा विझल्याचे चालकाला आसनावरून कळत नाही. डॅशबोर्ड अंधारल्याचे मात्र कळते. म्हणून फलक अचानक विझल्यास गाडी सुरक्षित जागी, रस्त्याच्या कडेला घेऊन प्रथम मागील दिवे तपासावेत.

याउलट, डॅशबोर्डचा प्रकाश अतिप्रखर असणेही घातक असते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांची क्षमता त्यामुळे घटते आणि रस्त्यावरील अस्पष्ट आकृती दिसेनाशा होतात.

हे सुद्धा पहा

• अल्टरनेटर
• फ्यूज
• वेगमापक