विश्लेषण : परदेशात कामी आलेल्या साताऱ्याच्या सैनिकांची नावे कुठे आहेत?

सातारा शहरापासून जवळच असलेले अपशिंगे हे गाव राज्यभर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने गावात स्मारक उभारले. घरटी एक तरी माणूस लष्करात पाठवण्याची परंपरा गावाने आजही जपली आहे. मात्र समुद्रापलीकडे मरण आलेल्या अशा हजारो मराठी शिपायांची परक्या भूमीवर नोंद कशी झाली, हा प्रश्न शंभर वर्षे मागे पडला होता.

मराठा पलटणी कुठे लढल्या?

१९१४ ते १९१८ या काळात अविभाजित भारतातून १३ लाखांहून अधिक माणसे युद्धासाठी गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मराठा पलटणींची मोठी लढाई झाली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावात तुर्की सैन्याने या डिव्हिजनला वेढले. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांना शरण जावे लागले. अखेरच्या दिवसांत विमानांतून पिठाची पोती टाकून सैन्य जगवण्याचा प्रयत्न झाला. पुष्कळ पोती नदीत किंवा शत्रूच्या हद्दीत पडली. उपासमार, आजार आणि त्यानंतरची कैद यांत अनेकांचा अंत झाला.

बसऱ्याच्या स्मारकावर काय कोरले आहे?

मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि कबर किंवा दहनाची जागा ज्ञात नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश अधिकारी आणि शिपाई यांची नावे कोरली गेली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. भारतीय शिपाई, नाईक, हवालदार यांच्या वाट्याला मात्र पलटणीचे नाव आणि मृतांचा आकडा एवढेच आले. त्यांची नावे कागदावरच्या नोंदीत राहिली. सद्दाम हुसेन यांच्या आदेशावरून १९९७ मध्ये हे स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आले. तिथवर पोहोचणे सामान्य कुटुंबाला जवळपास अशक्यच.

सर्वत्र असाच भेद होता का?

नाही. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये झालेल्या स्मारकावर ४,७००हून अधिक भारतीयांची नावे आहेत. त्यात साधे शिपाईही आहेत. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी एक. जून १९१८च्या अखेरीस त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समधील हँगार्ड येथे त्यांची कबर आहे. एकाच युद्धात मुंबईच्या वैमानिकाला परदेशात स्वतःची कबर मिळाली, आणि साताऱ्याचा शिपाई बसऱ्याच्या दगडावर आकडा होऊन राहिला. हुद्दा आणि रणभूमी बदलली की स्मरणही बदलत होते.

ही चूक मान्य झाली का?

या स्मारकांची देखभाल करणारी ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ ही संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली. मृत्यूनंतर सर्व समान, हे तिचे तत्त्व. एप्रिल २०२१ मध्ये तिच्याच चौकशी समितीने हे तत्त्व आशिया आणि आफ्रिकेतील सैनिकांबाबत पाळले गेले नसल्याचे मान्य केले. किमान ४५ हजार जणांना असमान वागणूक मिळाली, असे अहवाल सांगतो. संस्थेने माफी मागितली. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीही संसदेत दिलगिरी व्यक्त केली.

सांगलीकरांनी ‘सातारा’ का शोधावे?

संस्थेच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. काही नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही सापडतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या वेळी सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. त्यामुळे आज सांगली जिल्ह्यात असलेल्या गावचा शिपाई जुन्या कागदात ‘सातारा’ म्हणून नोंदलेला असू शकतो.

आडनावांचे स्पेलिंगही कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले असते. जाधव, पवार, शिंदे ही नावे एकाच पद्धतीने शोधून भागत नाही. पलटणीचा क्रमांक, मृत्यूचे वर्ष आणि गाव या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. घरात जुने पदक असेल तर त्याची कड आधी पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. बसऱ्याच्या दगडावर जे नाव आले नाही, ते कदाचित घरातल्याच पेटीत असेल.