मेडिकलमध्ये टाच तपासली, रिपोर्ट ‘लो’ आला. आता पुढे काय?

‘हाडांची मोफत तपासणी’ असा बोर्ड मेडिकलबाहेर दिसतो. आई किंवा मावशी आत जाते, छोट्या मशीनमध्ये टाच ठेवते आणि काही मिनिटांत हातात एक आकडा पडतो. अनेकदा सोबत कॅल्शियमच्या गोळ्याही.

पण हे मशीन टाचेतून अल्ट्रासाऊंड लहरी सोडून फक्त धोक्याचा अंदाज देतं. ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याचं निदान सहसा डेक्सा स्कॅनने होतं. त्यात कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजतात. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. टाचेच्या आकड्याला हा निकष लागू होत नाही.

पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हाडांची झीज भरून निघण्यापेक्षा वेगाने होते. दुखत मात्र काहीच नाही. अनेकींना कळतं ते घसरून मनगट मोडल्यावरच.

मग फार्मासिस्टचा उपयोग काय? मशीनपेक्षा त्याच्या प्रश्नांचा जास्त! संधिवातासाठी कोण महिनोन्महिने प्रेडनिसोलोन घेतंय, हे त्याला बिलावरूनच दिसतं. हे स्टिरॉइड हाडं कमकुवत करतं. आधी फ्रॅक्चर झालंय का? आईचा खुबा मोडला होता का? हे त्याने विचारायलाच हवं.

आणखी एक सोपं गणित आहे, आशियाई महिलांसाठीच तयार केलेलं. किलोतल्या वजनातून वय वजा करा आणि 0.2 ने गुणा. वय 62, वजन 48 असेल तर उत्तर उणे 2.8. उणे 1 च्या खाली गेलं की डॉक्टरांशी बोलायचं, उणे 4 च्या खाली असेल तर धोका जास्त.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात हे करून पाहिलंय. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फार्मासिस्टने टाच तपासून, समजावून डॉक्टरांकडे पाठवलेल्यांपैकी 22 टक्के लोकांनी डेक्सा करून घेतलं. इतरांमध्ये हे प्रमाण 10 टक्के होतं. म्हणजे दुप्पट, तरी बहुतेक जण राहिलेच.

आपल्याकडे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम मानलंय. त्यामुळे डॉक्टरांनी अ‍ॅलेंड्रोनेट लिहून दिलं असेल, तर काउंटरवर थांबून नीट विचारा. आठवड्याची गोळी असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यायची. चहासोबत नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका, अ‍ॅलेंड्रोनेट शरीरात नीट शोषलंच जाणार नाही.