पोटातल्या बिऱ्हाडाचं जेवण

बिर्याणी समोर आली की शेजारच्या कांद्याकडे कुणी बघत नाही. मुलं तर तो वेचून बाजूला काढतात. पण त्या कांद्यातला एक भाग आपल्यासाठी नसतोच. तो असतो मोठ्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंसाठी.

हे बिऱ्हाड लहान नाही. माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. कांदा, लसूण, गहू यांतले इन्युलिनसारखे तंतू किंवा चणे-राजम्यातल्या काही शर्करा आपल्या पाचकरसांना पचत नाहीत. त्या तशाच पुढे सरकतात. तिथे जिवाणू त्या आंबवतात आणि इतर आम्लांबरोबर ब्युटिरेट तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हेच मुख्य इंधन. जिवाणूंच्या अशा खाद्याला 1995 मध्ये ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी ‘प्रीबायोटिक’ हे नाव दिलं. दह्यातून जिवंत जिवाणू मिळतात. हे त्यांचं जेवण.

जेवण बदललं तर काय होतं? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण बरंच आहे, दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांत मात्र तो क्वचित आढळतो. स्टीफन ओकीफ आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडची 20-20 माणसं घेतली आणि दोन आठवडे त्यांच्या आहाराची अदलाबदल केली. अमेरिकनांना तंतुमय, कमी चरबीचं आफ्रिकी जेवण; आफ्रिकनांना मांस-चरबीचं अमेरिकी जेवण. 2015 मध्ये निष्कर्ष आले. अमेरिकनांच्या आतड्यातलं ब्युटिरेट वाढलं आणि दाह कमी झाला, आफ्रिकनांचं उलट झालं. कर्करोग टळतो हे यातून सिद्ध होत नाही, दोन आठवड्यांत ते कळणारही नाही. पण चौदा दिवसांत एवढा फरक, ही गोष्ट मला तरी विचारात पाडते.

म्हणून लगेच घाई मात्र नको. आमच्या अम्मींनी कुठेतरी ऐकून दोन्ही वेळ छोले खायला सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी “पोटाचा नगारा झाला” म्हणत सगळंच बंद केलं. जिवाणू आंबवतात तेव्हा वायू होणारच. थोडं थोडं वाढवावं, पाणी भरपूर प्यावं. ज्यांचं आतडं नाजूक आहे, कांदा-लसणानेच पोट दुखतं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावं. आणि इसबगोलवर सगळी भिस्त ठेवू नका. पोट साफ होतं खरं, पण जिवाणूंना तो फारसा आंबवता येत नाही.

इफ्तारच्या ताटात उकडलेले चणे असतातच, फक्त भज्यांच्या ढिगाखाली दडलेले. त्यांची वाटी आधी पुढे सरकवा. भात शिजवून थंड केला तर त्यातला काही स्टार्चही न पचता जिवाणूंपर्यंत पोचतो. मात्र तो रात्रभर ओट्यावर ठेवू नका, फ्रिजमध्येच ठेवा आणि खाताना नीट गरम करा. गरम केल्यावरही त्यातला काही भाग टिकतो.