जीप तीच, इंजिन वेगळं

उघड्या टपाची मोटार म्हटली की डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला नायक येतो, गळ्यात रुमाल आणि शेजारी नायिका. वर्धा जिल्ह्यात मात्र उघडी मोटार म्हणजे जीप. दारं मुळातच नाहीत, ताडपत्रीचं टप दहा मिनिटांत उतरवता येतं, समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. ही मोकळी हवा हौसेसाठी नव्हती. पावसाळ्यात आर्वी-समुद्रपूरकडच्या पांदण रस्त्यांवर काळी माती चाकांना चिकटायला लागली, की गाडीतून उडी मारून ढकलायला उतरावं लागतं, आणि तेव्हा दार नसलेलंच बरं. बियाणं, खताची पोती, डिझेलचा कॅन, माणसं, कधी लग्नाचं वऱ्हाड, सगळं याच गाडीत.

अशा जुन्या जीपचं बॉनेट उघडलं की वरचा पत्रा आणि आतलं यंत्र यांचं गोत्र जुळेलच असं नाही. नाकावरच्या उभ्या पट्ट्या अमेरिकन विलीजच्या, चेसिस महिंद्राची आणि इंजिन तिसऱ्याच कोणाचं तरी, पेट्रोलचं नव्हे तर डिझेलचं. परदेशात जुन्या कन्व्हर्टिबल गाडीत आधुनिक डिझेल बसवणं हा सवडीच्या माणसाचा छंद मानतात. आपल्याकडे तो जीप रस्त्यावर ठेवण्याचा एकच परवडणारा मार्ग होता, आणि म्हणूनच त्याची रीतसर कारागिरी झाली.

तहानलेलं पेट्रोल इंजिन

जीप जन्मली युद्धासाठी. १९४१ पासून महायुद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल इथलंच झालं. बॉनेट उंच असायचं कारण त्याखालचं ‘हरिकेन’ इंजिन. या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये आणि बाहेर सोडणारे खाली, ब्लॉकमध्ये असत. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटलाही वर चढावं लागलं.

हे चार सिलिंडरचं २,१९९ सीसीचं इंजिन साधारण ७५ अश्वशक्ती देई. स्वभावाने गरीब, कुठल्याही पेट्रोलवर चालणारं. पण त्याचं कॉम्प्रेशन सातास एकच्या आसपास. कॉम्प्रेशन जितकं कमी, तितकी इंधनातली उष्णता कामाला न लागता सायलेन्सरवाटे निघून जाते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचे भाव चौपटीच्या घरात गेले आणि पेट्रोलवरची जीप हा सरकारी खात्यांचा किंवा श्रीमंत मालगुजारांचा प्रकार उरला. डिझेलचा भाव मात्र सरकारने ट्रक, एसटी आणि शेतीपंपासाठी पुढची अनेक वर्षं बांधून ठेवला. तो पूर्णपणे बाजारावर सोडला गेला ऑक्टोबर २०१४ मध्ये.

म्हणजे गाडी धडधाकट, पत्रा जाड, शिडीसारखी चेसिस आणि पाटे कुठल्याही वेल्डरला दुरुस्त करता येतील असे, आणि खर्च काय तो इंजिनाच्या तोंडातून आत जाणाऱ्या पेट्रोलचा. असं असताना गाडी बदलायची की इंजिन, या प्रश्नाचं उत्तर गावातल्या मिस्त्रीला विचारावं लागत नव्हतं.

ट्रॅक्टरकडून आलेली वाट

गंमत म्हणजे हीच वाट खुद्द कंपनीनेही धरली. १९६३ साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि ३५ अश्वशक्तीचा बी-२७५ शेतांत उतरला. त्या घराण्यातल्या डिझेल इंजिनाचं एक माप पुढे महिंद्राच्या जीपगाड्यांत दीर्घकाळ टिकलं: साडेतीन इंचाचा सिलिंडर, चार इंचाचा स्ट्रोक, चार सिलिंडर मिळून २,५२३ सीसी. बोलेरोच्या माहितीपत्रकात वाचलेला २,५२३ हा आकडा म्हणजे इंचांत आखलेल्या त्या जुन्या ट्रॅक्टरची खूण.

दुसरी वाट फ्रान्सची. प्यूजो कंपनीचं एक्सडीपी ४.९० हे २,११२ सीसीचं, ६२ अश्वशक्तीचं डिझेल महिंद्राने परवान्याने इगतपुरीच्या कारखान्यात बनवलं आणि १९८५ च्या एमएम ५४० जीपमध्ये घातलं. कंपनीच्या दारातूनच डिझेल जीप बाहेर पडायला लागल्यावर जुन्या पेट्रोल जीपवाल्याला मोजमाप आयतं मिळालं. तेच इंजिन, त्याच कंपनीची माउंटिंग, त्याच जातीची चेसिस.

तिसरं इंजिन मॅटाडोरचं. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोने बनवलेल्या या व्हॅनमध्ये मर्सिडीजच्या परवान्याचं १,७६७ सीसी डिझेल असे. व्हॅनचा पत्रा गंजून गेला तरी इंजिन जिवंत राही, आणि भंगारात निघालेल्या मॅटाडोरचं इंजिन अॅम्बेसेडरमध्ये नाहीतर जीपमध्ये पुन्हा कामाला लागे. कंपनीच्या नावातलं ‘बजाज’ हे वर्ध्याचंच. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून गांधीजी १९३४ साली वर्ध्याला आले, १९३६ साली शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. त्या घराण्याच्या भागीदारीतल्या कारखान्याचं इंजिन काही दशकांनी देवळी-हिंगणघाटच्या जीपमध्ये शिरावं, हा योगायोग लहान असला तरी मजेदार आहे.

डिझेल रुजायचं खरं कारण मात्र वेगळं होतं. ज्या तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचा मिस्त्री होता, तिथे जीपच्या डिझेलचाही मिस्त्री आपोआप होता. पंप-नोझलचं कॅलिब्रेशन करणारं दुकान होतं, मायकोचा इंधनपंप म्हणजे काय हे माहीत होतं, आणि नोझलही नाशिकला बनत होतं. इंजिन कितीही चांगलं असो, त्याचं वायसर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत नसेल तर ते गावात टिकत नाही.

बसवायचं म्हणजे काय करायचं

बाहेरून वाटतं, एक इंजिन उचललं, दुसरं ठेवलं. प्रत्यक्षात इंजिन ठेवणं हा सगळ्यात सोपा भाग. पहिली अडचण जोडाची. जुन्या गिअरबॉक्सचं तोंड आणि नव्या इंजिनाची पाठ यांची बोल्टांची भोकं जुळत नाहीत. मग जाड पोलादी प्लेट लेथवर कातून मधे घालावी लागते, आणि तिचं केंद्र केसभर सरकलं तरी क्लच प्लेट महिन्याभरात झिजते किंवा गिअरबॉक्सची बेअरिंग ओरडायला लागते. चांगला मिस्त्री कोण हे याच प्लेटवर ठरतं. त्यानंतर फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि सेल्फ यांची एकमेकांशी सोयरीक.

मग विजेचं काम. जुन्या विलीजमध्ये ६ व्होल्टची व्यवस्था. वीस-बावीस पट दाबलेल्या हवेविरुद्ध डिझेल फिरवायला ती अपुरी, म्हणून १२ व्होल्टची मोठी बॅटरी, जाड केबल आणि थंडीच्या सकाळी लागणारे हीटर प्लग. पेट्रोल इंजिन चावी फिरवली की ठिणगी तुटून बंद पडतं. जुन्या डिझेलला ठिणगीच नाही, त्यामुळे पंपाचं इंधन तोडणारी ओढायची केबल डॅशबोर्डवर आणावी लागते. आणखी एक बारकावा: ज्या जीपचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालत, त्यांना डिझेल बसवताच पहिल्या पावसात ते निपचित पडत. डिझेलच्या हवेच्या वाटेवर पेट्रोलसारखी झडप नसते, म्हणून तिथे ओढ तयारच होत नाही. वायपरला वेगळी मोटर लावणं हा त्यावरचा उपाय.

डिझेल इंजिन वजनदार आणि थरथरणारं. पुढचे पाटे दबतात, रबराची माउंटिंग लवकर तुटतात, रेडिएटर पुढे सरकवावा लागतो. जीपच्या उघड्या अंगामुळे हा थरकाप कुठे लपतही नाही. सीटपासून आरशापर्यंत सगळं नाचतं.

आणि शेवटी वेग. जुन्या जीपच्या डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ५.३८ ला १. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. १६ इंची रिमच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर गेलं तर गाडी ताशी सुमारे १०० किलोमीटर जाई. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल ३,००० च्या आसपास दमतं. तिथे हिशेब ७५ वर येऊन थांबतो. शेतात आणि गावच्या रस्त्यावर कोणाचं काही अडत नाही, कारण कमी फेऱ्यांवर ओढण्याची ताकद हीच तिथे कामाची. पण नागपूरच्या हायवेला लागायचं तर क्राउन-पिनियनही बदलायचं. तेव्हा वेग मिळतो, पण ब्रेक मात्र जुन्या ड्रमचेच राहतात. इंजिन बदलण्याआधी ब्रेकचा विचार करणारा मालक विरळा, आणि या कारागिरीतला सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे.

आधुनिक डिझेलचं गणित

२०१० नंतर या धंद्यात वेगळ्याच इंजिनाचं नाव ऐकू यायला लागलं: फियाटचं १.३ मल्टिजेट. पुण्याजवळ रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला बनलेलं हे १,२४८ सीसीचं इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा गाड्यांत शिरलं आणि देशभर पसरलं. अपघातात चेपलेल्या स्विफ्टचं चालू इंजिन भंगारवाल्याकडे मिळायला लागल्यावर जिप्सी आणि जुन्या जीपवाल्यांचे डोळे तिकडे वळले.

हरिकेनच्या २,१९९ सीसीमधून ७५ अश्वशक्ती आणि सुमारे १५५ न्यूटन-मीटरची ओढ मिळे. मल्टिजेटच्या १,२४८ सीसीमधून ७५ अश्वशक्तीच, पण ओढ १९० न्यूटन-मीटरची. जवळजवळ निम्म्या आकारात तेवढीच शक्ती, वरून जास्त ओढ, आणि ४,००० फेऱ्यांची तयारी असल्यामुळे जुन्या क्राउन-पिनियनवरही वेगाची अडचण नाही. टर्बो आणि कॉमन रेलमधल्या प्रचंड दाबाची ही करामत.

पण हे इंजिन मूळ गाडीत आडवं बसायचं आणि पुढची चाकं फिरवायचं. जीपमध्ये ते उभं करून मागची चाकं फिरवायची, म्हणजे गिअरबॉक्सपासून ऑइल संपपर्यंत सगळा विचार नव्याने. त्याहून मोठा बदल वायरिंगचा. ट्रॅक्टरच्या इंजिनाला चार वायरी पुरत. कॉमन रेलच्या इंजिनाला ईसीयू, अॅक्सिलरेटरच्या पेडलमधला सेन्सर, चावी ओळखणारा इमोबिलायझर आणि या सगळ्यांना जोडणारी पूर्ण हार्नेस दाता-गाडीतूनच आणावी लागते. एक सेन्सर गप्प बसला की इंजिन जोर काढून घेतं किंवा सुरूच होत नाही. हातोडा, लेथ आणि कानाने इंजिन ओळखणाऱ्या मिस्त्रीच्या जोडीला आता स्कॅनर धरणारा पोरगा लागतो. पांदणीत फसलेली जुनी डिझेल जीप पान्याने सुरू करता येत असे. नवी तिथेच उभी राहते.

कागदावरची गाडी

गाडी रस्त्यावर चालते तशी कागदावरही चालावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे, कंपनीने ठरवलेले मूळ तपशील बदलतील असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. परवानगीशिवाय इंजिन बदललेली, आरसीवर अजून पेट्रोल लिहिलेली आणि पोटात डिझेल वागवणारी एमएच ३२ या वर्ध्याच्या क्रमांकाची जीप पासिंगला, विम्याला आणि अपघातानंतरच्या दाव्याला अडते. हरियाणातल्या डबवालीसारखी जुन्या जीप नव्याने घडवणारी बाजारपेठही याच पेचात आहे. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीची पुनर्नोंदणी फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली, तेव्हा अशा गाड्यांचं पोट भरणं आणखी महाग झालं.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, फी २०,००० रुपये. अट एकच महत्त्वाची: गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको.

नियम समजण्यासारखा आहे, संग्रहालयाला मूळ वस्तूच हवी असते. पण त्यामुळे एक उलटा न्याय होतो. जी जीप गॅरेजमध्ये झाकून ठेवली, जिच्यावर कोणी पोती लादली नाहीत, ती वारसा ठरते. जिने पन्नास वर्षं काम केलं आणि कामासाठीच दुसरं इंजिन घेतलं, ती नियमबाह्य फेरफार ठरते. २०२० च्या नव्या थारमध्ये महिंद्राने उघडणारं टप आणि डिझेल इंजिन एकत्र दिलं, तेव्हा ती हौशी लोकांची गाडी म्हणून मिरवली. तीच जोडी लेथवाले आणि वेल्डर अनेक वर्षं रस्त्यावर बनवत होते. त्यांचं काम तपासणारी, ब्रेक आणि जोड पाहून पास-नापास ठरवणारी सोय आरटीओत असती, तर धोकादायक जोडकाम आणि चांगली कारागिरी वेगळी करता आली असती. सरसकट मनाई केल्यावर दोन्ही एकाच रांगेत उभी राहतात, आणि चांगल्या मिस्त्रीला आपलं काम कागदावर दाखवण्याचं कारणच उरत नाही.